आकाशातला पंक्तिप्रपंच

'पंक्तिप्रपंच' हा मराठीतला एक नेमका शब्द आहे. पंगत एक, यजमान एक, स्वयंपाकही एकच. पण वाढताना कोणाच्या भातावर तुपाची धार सुटते आणि कोणाच्या भातावर चमचा नुसता टेकवून उचलला जातो. हा भेद चुकून होत नाही, ठरवून होतो; आणि ज्याच्या पानात कमी पडले त्याला तो दिसेल अशा रीतीने होतो. म्हणून त्या शब्दातच निषेध आहे. पंक्तिप्रपंच करणाऱ्या यजमानाचे त्याच्या वाढपातील कल्पकतेबद्दल कोणी कौतुक केल्याचे ऐकिवात नाही. (पंगतीला मुळात बसू कोणाला दिले जाई आणि बाहेर कोणाला ताटकळत ठेवले जाई, हा त्या पंगतीचाच दुसरा इतिहास आहे. तो विसरून जुन्या पंगतीचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. शब्द तेवढा कामाचा आहे.)

विमानांतील नव्या उंची आसनांविषयी आपल्या पुरवण्यांतून जे लेखन येते, ते वाचताना हा शब्द वारंवार आठवतो. त्या लेखनात तो कोठेच आढळत नाही. तेथे आढळतात ते 'राजेशाही', 'पंचतारांकित', 'हवेतला महाल', 'स्वप्नवत' असे शब्द. कवितेत असे विशेषण आले तर आपण विद्यार्थ्याच्या वहीत लाल रेघ मारतो. आसनाच्या वर्णनात आले की त्यालाच 'डिझाइनची जाण' म्हणतो.

२२ जानेवारी २०२४ रोजी एअर इंडियाचे पहिले एअरबस ए-३५० विमान प्रवासी सेवेत दाखल झाले. त्यात एकूण ३१६ आसने. बिझनेस वर्गात सरकत्या दाराची २८, प्रीमियम इकॉनॉमीत २४ आणि इकॉनॉमीत २६४. त्या निमित्ताने जे छापून आले त्यातली बहुतेक छायाचित्रे त्या २८ आसनांची होती, आणि स्वर राष्ट्रीय अभिमानाचा. गंमत अशी, की या मालिकेतील पहिली विमाने मुळात रशियाच्या एरोफ्लोट कंपनीसाठी बांधली गेली होती. २०२२च्या युद्धानंतर निर्बंध आले, विमाने रशियाला देता येईनात, आणि ती एअर इंडियाने घेतली. आतली मांडणी बव्हंशी तशीच राहिली. म्हणजे ज्या आसनांत आपल्याला भारतीय आदरातिथ्याचा साक्षात्कार झाला, ती मॉस्कोच्या ग्राहकाला समोर ठेवून निवडलेली होती. यात कोणाचा दोष नाही. तयार विमान मिळत असेल तर कोणीही घेईल. पण आसनाच्या वर्णनात आपण काय काय वाचतो, आणि ते आसनात असते की आपल्या वाचनात, हा प्रश्न साहित्याच्या वर्गात बसणाऱ्यांना तरी पडावयास हवा. कोणत्याही कथनाला आपण विचारतो, की यात कोण नाही? येथे उत्तर सोपे आहे. २६४ माणसे नाहीत.

आसनांच्या रचनेमागे बुद्धी नाही, असे मात्र मुळीच नाही. बसल्या जागी माणसाला आडवे झोपवणे हा विमानरचनेतला खरोखर अवघड प्रश्न होता. सहा फुटांचे माणूस आडवे करायचे तर तेवढी लांबी लागते, आणि विमानात लांबी म्हणजे पैसा. पहिल्या वर्गात सपाट बिछाना १९९०च्या दशकातच आला होता. तेथे जागेला तोटा नव्हता. बिझनेस वर्गात तो बसवायचा कसा, याचे उत्तर ब्रिटिश एअरवेजने २००० साली दिले. लंडनच्या टँजरिन या संस्थेने केलेली ती रचना होती. तिच्यामागचे निरीक्षण अगदी साधे: माणूस खांद्यांपाशी रुंद असतो आणि पायांपाशी निमुळता. मग दोन शेजाऱ्यांची तोंडे विरुद्ध दिशांना करावीत. एकाच्या खांद्याशेजारी दुसऱ्याचे पाय यावेत. दोन निमुळते आकार एकमेकांत बसवावेत. निम्मे प्रवासी त्यामुळे विमानाच्या शेपटीकडे तोंड करून उडू लागले. अपघाताच्या वेळी आसन तुटून पुढे फेकले जाऊ नये म्हणून ते गुरुत्वाकर्षणाच्या सोळापट झटका सहन करणारे असावे, असा अमेरिकेतील नियम १९८८ पासून आहे. हा नियम पाळून, वजन मर्यादेत ठेवून, यंत्राने उलगडणारा बिछाना तयार करणे ही उत्तम कारागिरी होती, आणि तिला मनापासून दाद द्यावी.

त्याच काळात इतर कंपन्यांनी जे तयार केले त्यात विनोदही पुष्कळ होता. काहींनी 'सपाट' म्हणून विकलेला बिछाना सपाट होता खरा, पण जमिनीशी तिरका. झोपलेला माणूस रात्रभर हळूहळू पायांकडे घसरत राही. व्हर्जिन अटलांटिकने २००३ मध्ये असे आसन आणले, की झोपायचे तर प्रवाशाने उठून उभे राहायचे आणि आसनाची पाठ उलटून तिचा बिछाना करायचा. या रचनेच्या पेटंटवरून व्हर्जिन आणि आसने बनवणारी झोडिअॅक कंपनी यांच्यात खटला लागला. तो ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ मध्ये निकाली निघाला. मागितलेली भरपाई ४ कोटी ९० लाख पौंडांहून अधिक होती. एका खुर्चीच्या कोनावर आणि मांडणीवर एवढा पैसा पणाला लागतो, हे ध्यानात ठेवावे. पुढच्या आसनाची रचना किती बारकाईने केली जाते हे त्यावरून कळते. आणि मागच्या आसनाकडे कोणाचे लक्षच गेले नाही, ते आपोआप तसे झाले, असे म्हणणे किती भाबडेपणाचे आहे हेही कळते.

तेव्हा झोपेचा प्रश्न २००० साली सुटला. माझा मुद्दा येथून सुरू होतो. प्रश्न सुटल्यावर ही सगळी बुद्धी कोठे गेली? ती दाराकडे गेली. २००७ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने ए-३८० विमानात पहिल्या वर्गाला सरकत्या दारांच्या खोल्या केल्या. त्याच वर्षी आपल्या जेट एअरवेजनेही ७७७ विमानांत पहिल्या वर्गाला दारे बसवली. (जेट एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली, दारांनी ती वाचली नाही.) २०१७ मध्ये कतार एअरवेजने दार बिझनेस वर्गात आणले. आणि प्रवाशांना समोरासमोर बसवणाऱ्या ब्रिटिश एअरवेजनेही २०१९ मध्ये सर्वांची तोंडे पुढे करून प्रत्येकाला दार दिले. आज नवे आसन म्हटले की पहिला प्रश्न दाराचा असतो.

हे दार काय अडवते? आवाज अडवत नाही, कारण भिंती छतापर्यंत जात नाहीत. मागच्या रांगेत रडणारे मूल दाराच्या आतही तेवढेच ऐकू येते. वासही अडत नाही. चोर अडत नाही, कारण तेथे चोर नाही. अडते ती फक्त नजर: येणाऱ्याजाणाऱ्या माणसाची, म्हणजे मागच्या माणसाची. मजा म्हणजे अमेरिकेच्या विमान-नियमांत, प्रवाशाचे आसन आणि संकटकालीन मार्ग यांच्या वाटेत दार असता कामा नये, असे स्पष्ट कलम आहे. ते कलम अनाठायी नाही. धूर भरलेल्या विमानात बंद दार म्हणजे काय, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. म्हणून अशा आसनांसाठी त्या कलमातून सूट मागावी लागते. ती अटींवर मिळते: उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी दार उघडे अडकवलेले असेल, कर्मचाऱ्यांना आत पाहता येईल, दार अडकले तरी प्रवासी बाहेर पडू शकेल, इत्यादी. जाहिरातीतला 'स्वीट' हा शब्द आपल्याकडे पुष्कळजण 'सूट' असा उच्चारतात. तो उच्चार चुकीचा असला तरी वस्तुस्थितीला धरून आहे. ते दार सुटीवरच उभे आहे.

या प्रवासाचे टोक पाहायचे असेल तर एमिरेट्सने २०१७ मध्ये ७७७ विमानांत आणलेली पहिल्या वर्गाची बंदिस्त खोली पाहावी. तेथे भिंती छतापर्यंत आहेत. तीन खोल्यांची रांग. मधल्या खोलीला अर्थातच खिडकी नाही. म्हणून तिच्यात खिडकीच्या आकाराचे पडदे लावले आणि विमानाबाहेरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेले आकाश त्यांवर दाखवले. शेवटच्या रांगेत गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या प्रवाशाला खरे आकाश दिसते, आणि सर्वांत महाग तिकीट काढलेल्याला आकाशाचे चलच्चित्र. कोणी कादंबरीकाराने हे रचले असते तर आपण त्याला प्रतीकाचा अतिरेक केल्याबद्दल झोडपले असते.

आता मागे वळू. आसनांच्या अंतराला 'पिच' म्हणतात: एका आसनाच्या एका बिंदूपासून पुढच्या आसनाच्या त्याच बिंदूपर्यंत. अमेरिकेत 'फ्लायर्स राइट्स' या प्रवासी संघटनेने न्यायालयात मांडल्याप्रमाणे हे अंतर एकेकाळी सरासरी ३५ इंच होते. ते ३१ वर आले, आणि काही विमानांत २८ वर. रुंदीचेही तेच. ७७७ विमानात पूर्वी एका रांगेत नऊ आसने असत. बहुतेक कंपन्यांनी त्याच रुंदीत दहा बसवली, आणि प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १७ इंच आले. एव्हिओइंटिरिअर्स या इटालियन कंपनीने २०१० मध्ये घोड्याच्या खोगिरासारखे आसन दाखवले, ज्यात प्रवासी जवळजवळ उभाच राहतो आणि पिच २३ इंचांवर येते. त्याची सुधारित आवृत्ती २०१८ मध्ये हँबर्गच्या विमान-सजावटीच्या प्रदर्शनात मांडली होती. त्याच प्रदर्शनात उंची आसनेही मांडली जातात. हे खोगीर अजून कोणत्याही विमानात बसलेले नाही. पण एकाच छताखाली, एकाच व्यवसायातील माणसे एका हाताने बिछाना रुंदावतात आणि दुसऱ्या हाताने खोगीर कसतात, हे चित्र पुरेसे बोलके आहे.

या दोन हातांचा संबंध काय, हे १८४९ मध्ये ज्यूल द्युप्युई या फ्रेंच अभियंत्याने सांगून ठेवले आहे. त्या काळी आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाचे काही डबे उघडे असत, छपराशिवाय, लाकडी बाकांचे. द्युप्युईचा मुद्दा असा, की छपराला फारसा खर्च येत नाही. छप्पर घातले जात नाही ते गरिबाला त्रास देण्यासाठी नव्हे. दुसऱ्या वर्गाचे तिकीट ज्याला परवडते त्याने तिसऱ्या वर्गात बसू नये म्हणून. गरीब भिजतो तो केवळ दाखवण्यापुरता. भीती घालायची असते ती त्याच्या वरच्याला. ब्रिटनमध्ये हा प्रश्न कंपन्यांच्या सौजन्यावर सोडला गेला नाही. १८४४च्या रेल्वे कायद्याने रोज किमान एक गाडी अशी असावी, की जिच्या तिसऱ्या वर्गाला बसायला आसने आणि ऊनपावसापासून आडोसा असेल, असे बंधन घातले. छप्पर कायद्याने आले.

विमानाच्या मागच्या आसनाला द्युप्युईचे शास्त्र जसेच्या तसे लागू आहे. १९९०च्या दशकाच्या आरंभी 'प्रीमियम इकॉनॉमी' हा वर्ग निघाला. त्यात जे विकले जाते त्याचा मोठा भाग म्हणजे पाय पसरण्याची ती जागा, जी पूर्वीच्या साध्या तिकिटात बरीचशी समाविष्ट होती. आधी काढून घ्यायची, मग नाव देऊन विकायची. मागचे आसन सुसह्य झाले तर हा वर्ग घेणार कोण?

येथे नेहमीचे उत्तर येते, आणि ते टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. उत्तर असे, की पुढचे पैसे भरतात म्हणून मागच्याला स्वस्तात जाता येते. शिवाय १९७०च्या तुलनेत विमानप्रवास इतका स्वस्त झाला आहे, की तक्रार करणे हाच कृतघ्नपणा. यात तथ्य आहे. लांब पल्ल्याच्या उड्डाणात कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा वाटा पुढच्या थोड्या आसनांतून येतो, हे खरे. पण ज्याच्यावर उपकार केले जातात त्याने अवघडून बसलेच पाहिजे, हे यातून कसे निघते? आणि हिशेबच करायचा तर पुरा करावा. जागतिक बँकेच्या २०१३च्या एका अभ्यास-निबंधाने जागेच्या हिशेबाने कर्बभार मोजला. बिझनेस वर्गाच्या प्रवाशाचा भार इकॉनॉमीच्या सुमारे तिप्पट निघाला, आणि पहिल्या वर्गाचा नऊपटीपर्यंत. म्हणजे उपकाराच्या या व्यवहारात आकाशाचे भाडे कोणीच भरत नाही.

दुसरे असे, की भेद दिसण्याचाही परिणाम होतो. कॅथरीन डीसेल्स आणि मायकेल नॉर्टन यांचा २०१६ मधील एक अभ्यास प्रसिद्ध आहे. ज्या विमानांत पहिला वर्ग असतो त्यांत इकॉनॉमीतील प्रवाशांच्या हमरीतुमरीच्या घटना सुमारे चौपट आढळल्या. आणि मागच्यांना पुढच्या दाराने, त्या रुंद आसनांमधून चालवत नेले तर प्रमाण आणखी वाढले. त्या अभ्यासाच्या संख्याशास्त्रावर आक्षेप घेतले गेले आहेत, म्हणून त्यावर सारा भार टाकू नये. पण पंगतीत बसलेल्याला हे निष्कर्ष नवे वाटणार नाहीत.

कोणी म्हणेल, आठ-दहा तास गुडघे दुमडले म्हणून काय बिघडते? बिघडते. मुंबईहून न्यूयॉर्कपर्यंतचा थेट प्रवास पंधरा-सोळा तासांचा आहे. मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणाला, नातवंडे सांभाळायला दरवर्षी न्यू जर्सीला आणि कॅलिफोर्नियाला जाणारी आपली साठी-सत्तरीची माणसे त्या २६४ मध्ये बसतात. मधुमेह, सुजरे पाय, बदललेला गुडघा, पर्समध्ये गोळ्यांची डबी. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार चार तास वा अधिक काळ हालचालीविना बसून प्रवास केल्यास शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. धोका एकूण लहान आहे, आणि तो बसगाडीतही आहे, हे त्याच अभ्यासात म्हटले आहे. घाबरवण्यासाठी मी तो सांगत नाही. सांगायचे ते हे, की या धोक्यावर विमान कंपन्यांनी मागच्या प्रवाशाला दिलेला उपाय म्हणजे घोटे फिरवण्याच्या व्यायामाची चित्रे. पुढच्यांना गादी आणि मागच्यांना व्यायाम. एकाच्या शरीराची काळजी ही रचनाकाराची जबाबदारी होते, दुसऱ्याच्या शरीराची काळजी ही त्याची स्वतःची.

रचना उलट्या दिशेनेही जाऊ शकते, याचे उदाहरण आपल्याच घरात आहे, आणि ते विसरले गेल्याची मला चीड आहे. रेल्वेचा तिसरा वर्ग १९७४ मध्ये कागदोपत्री गेला. त्याची लाकडी फळी मात्र दुसऱ्या वर्गात राहिली. १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. पेशाने भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, राजापूरचे खासदार. त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर दोन इंच फोमची गादी घालण्याचा निर्णय घेतला. दोन इंच! कोणत्याही प्रदर्शनात त्याला पारितोषिक मिळाले नाही, त्याचे पेटंट नाही, त्यावरून कोणी सर्वोच्च न्यायालयात गेले नाही. पण भारतातल्या सर्वाधिक पाठींचा भार हलका करणारी आसनरचना कोणती, असे विचारले तर मी या दोन इंचांकडे बोट दाखवीन. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, एकाच वर्गाची, जलद. वेगवान गाडी ही वरच्या वर्गाची मिरास नाही, हे तिने सांगितले. पुढे तिलाही वातानुकूलित डबे जोडले गेले, हा भाग निराळा. दंडवत्यांनी प्रश्न वेगळा विचारला होता. सर्वांत वरच्याला आणखी काय देता येईल, असा नव्हे. सर्वांत खालच्याच्या अंगाला काय टोचते, असा.

१९७१ मध्ये एअर इंडियाचे पहिले ७४७ विमान आले, 'सम्राट अशोक'. त्याच्या बाहेरच्या अंगाला खिडक्यांभोवती झरोक्यांची लाल महिरप रंगवलेली होती. सजावटच ती, आणि विमानाच्या वरच्या मजल्यावर श्रीमंतांची बैठकही होती. महाराजाचे बोधचिन्ह मिरवणाऱ्या कंपनीकडून समाजवादाची अपेक्षा कोणी करू नये. तरी महिरप शेपटीकडच्या खिडक्यांनाही होती, एवढे नोंदवावेसे वाटते. २०२३ मध्ये कंपनीने नवे बोधचिन्ह घेतले, तेही खिडकीच्या चौकटीवरूनच स्फुरलेले. झरोका म्हणजे बाहेर पाहण्याची जागा. त्या चिन्हाखाली आज जे विकले जाते, ते न दिसण्याचे दार आहे.

आणि ज्या कंपनीने २००६ पासून एकाच वर्गाची विमाने उडवून देशातला सर्वांत मोठा प्रवासीवर्ग मिळवला, त्या इंडिगोनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर 'स्ट्रेच' नावाचा वर्ग सुरू केला. २२० आसनांच्या विमानात पुढची १२. बातम्यांतून त्या बारा आसनांचे पिच, पाठीचा कल, डोके टेकवण्याची उशी, खाण्याची पेटी हे सारे तपशील अगत्याने आले. उरलेल्या २०८ आसनांचे पिच किती, हे फारसे कोणी छापले नाही.

अमेरिकेत हा आकडा निदान वादाचा विषय झाला आहे. जुलै २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने, आसने आकसल्याने नव्वद सेकंदांत विमान रिकामे करण्यावर परिणाम होत नाही हे सरकारी विमान-प्राधिकरणाचे म्हणणे पुराव्याअभावी ग्राह्य धरले नाही. २०१८च्या कायद्याने आसनाचे किमान माप ठरवण्यास वर्षभराची मुदत दिली. २०२२ मध्ये लोकांची मते मागवली, ती सव्वीस हजारांहून अधिक आली. २०२४च्या कायद्यात तोच विषय पुन्हा घालावा लागला. आपल्याकडे मते मागवण्याइतकीही चर्चा नाही, आणि ती सुरू करण्यासाठी विमानतज्ज्ञ असण्याची गरज नाही. नव्या आसनाच्या वर्णनाशेजारी त्याच विमानातल्या शेवटच्या रांगेचे इंच छापा, एवढे पुरवणीच्या संपादकाला एका पोस्टकार्डावर कळवता येते.